आपल्या हृदयाचे ठोके आपल्याला खरंच कळतात का, आणि ते मोजायचं कसं?

टिकटिक (धागाकर्ता)

मंडळी, आधी एक प्रयोग सांगतो, मग माझी शंका.

खुर्चीत स्वस्थ बसायचं. हात मांडीवर. नाडी बघायची नाही, मानेला हात लावायचा नाही, श्वास रोखायचा नाही. समोरच्याने "सुरू" म्हटलं की आपले ठोके आतून जसे जाणवतील तसे मनात मोजायचे, "थांबा" म्हटलं की आकडा सांगायचा. मध्ये किती सेकंद गेले हे आपल्याला सांगत नाहीत. तेवढ्या वेळात ईसीजी किंवा छातीला बांधायच्या पट्ट्यावर खरे ठोके नोंदले जातात. असं तीनदा करायचं, २५, ३५ आणि ४५ सेकंद, क्रम वाटेल तो.

ही पद्धत रुजवली ती जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर शांड्री यांनी, १९८१ साली. हिशोब असा: खरे ठोके आणि मोजलेले ठोके यांतला फरक घ्यायचा, त्याला खऱ्या ठोक्यांनी भागायचं, उत्तर १ मधून वजा करायचं. तिन्ही वेळांची सरासरी म्हणजे तुमचे गुण. समजा नाडी मिनिटाला ७२ आहे. मग खरे ठोके ३०, ४२ आणि ५४. तुम्ही मोजले २४, ३३ आणि ४०. गुण आले ०.७८. एकही न चुकता मोजले तर १.

आता हृदयच का? शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना पुष्कळ आहेत: भूक, तहान, लघवीची भावना, धाप. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्येच अशा आतल्या संवेदनांचा वेगळा गट केला होता. पण भूक नेमकी कितीला लागली हे बाहेरून सांगणारं यंत्र नाही. ठोका कधी पडला ते मिलिसेकंदापर्यंत कळतं. त्यामुळे "हा माणूस स्वतःच्या शरीराचं किती ऐकतो" हे तपासायचं म्हटलं की सगळे जाऊन हृदयापाशी थांबतात. चिंता, नैराश्य, खाण्याचे विकार, भावना ओळखता न येणं, सगळीकडे हेच तीन आकडे लावले गेलेत.

माझी शंका एवढीच: हे गुण खरंच जाणवणं मोजतात का? ज्यांच्याकडे पट्टा असेल त्यांनी करून बघा आणि आकडे टाका.

सांजसावली

केलं. खरे ३२, ४४, ५७. माझे २७, ३५, ४६. गुण ०.८२ येतात ना? मला तर आपण अगदीच अंदाजपंचे करतोय असं वाटत होतं, म्हणून सुखद धक्का बसला. :)

खवचट

टिकटिकराव, तुमच्याच उदाहरणात मी भाग घेतला असं समजा. मला छातीत शष्प काही जाणवत नाही. मी निमूटपणे मनात एक, दोन, तीन करत सेकंद मोजले. २५, ३५, ४५. तुमच्या ७२ च्या नाडीवर माझे गुण किती?

मीच सांगतो. ०.८३. म्हणजे ज्याने इमानदारीत ठोके ऐकून मोजले त्याला ०.७८ आणि ज्याने काहीच ऐकलं नाही तो पुढे. नाडी मिनिटाला बरोबर ६० असती तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते. ५० ची असती तरी ०.८०. फक्त ९० ची असली तर ०.६७ वर घसरतो.

या चाचणीने माझं शरीराशी असलेलं नातं सिद्ध केल्याबद्दल आभारी आहे.

निरभ्र

+१ खवचट. हसलो, पण मुद्दा अगदी नेमका आहे.

टिकटिक

खवचट, शंका बोलून दाखवायला माझे चार परिच्छेद गेले, तुम्ही तीन ओळींत निकाल लावलात. पण सूचनेत "अंदाज करू नका" असं म्हणतात ना?

लबडब

शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सूचनेवरच सगळं अडलेलं आहे. बऱ्याच प्रयोगशाळांत "ठोके मोजा" एवढंच सांगतात. माणसाला वाटतं, काहीतरी आकडा तर द्यायलाच हवा. शून्य म्हणायची लाज वाटते. देस्मे, ल्युमिने आणि कोर्नेय या बेल्जियमच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सूचना बदलून पाहिली: जे ठोके खरोखर जाणवले तेवढेच मोजा, बाकीचे अंदाजाने भरू नका. सांगितलेले आकडे जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे आधीच्या आकड्यातला मोठा हिस्सा भर घातलेला होता.

त्याहून बोलका प्रयोग १९९९ मधला, जर्मनीतला. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे अशा रुग्णांचा. त्यांच्या हृदयाचा वेग बाहेरून यंत्राने कमीजास्त करता येतो. संशोधकांनी तो तसा केला आणि दरवेळी ठोके मोजायला सांगितले. हृदय धावत होतं तेव्हाही आणि रेंगाळत होतं तेव्हाही, मोजणी फारशी हललीच नाही! हे लोक हृदय नव्हे, "माझं हृदय साधारण इतकं चालतं" ही स्वतःची समजूत मोजत होते.

आणि ही समजूत सुधारली की गुणही सुधारतात. आधी एकदा तुमची नाडी ७६ आहे असं सांगून ठेवलं तर पुढच्या मोजणीत गुण वधारतात. ठोके मात्र आधीइतकेच न जाणवणारे असतात. पट्टा, घड्याळ वापरणाऱ्यांना आपली नाडी पाठच असते, तेव्हा सांजसावली, पट्टा रोज वापरत असाल तर ते ०.८२ जरा मिठाच्या खड्यासोबत घ्या.

अजून एक. झामारिओला आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७२ जणांची माहिती तपासली. जास्त मोजणारे ५ टक्क्यांहूनही कमी निघाले. चुका जवळपास सगळ्या एकाच दिशेला, कमी मोजण्याच्या. मग ज्याचा आकडा मोठा त्याला गुण जास्त. तो आकडा हृदयाकडून आला की धाडसाकडून, हे सूत्राला कळायचं साधन नाही. शिवाय हृदय जितकं सावकाश तितके गुण बरे, हेही त्याच माहितीत दिसतं.

सांजसावली

पट्टा रोज वापरते. :( आले लक्षात.

ध्यानमग्न

चर्चा वाचतोय. प्रयोगशाळेतली खुर्ची, तारा, सूचना, या सगळ्यात मन स्थिर कसं होणार? जे नियमित ध्यान करतात त्यांच्या बाबतीत हे मुद्दे लागू होत नाहीत. शांत बसल्यावर काही मिनिटांनी ठोका स्पष्ट येतो, छातीत, कधी तळहातात. हे आम्हाला कुणी मशीन लावून सांगायची गरज नाही.

खवचट

मशीन न लावता सगळेच पहिले येतात हो.

लबडब

ध्यानमग्न, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण हे तपासून झालंय. साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनुभवी साधक घेतले, तिबेटी बौद्ध परंपरेतले आणि कुंडलिनी साधना करणारे. तुलनेला ध्यान न करणारे. ठोके ओळखण्यात साधक इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. फरक दिसला तो दुसरीकडे: काम किती सोपं गेलं आणि आपण ते किती चांगलं केलं, यात साधकांनी स्वतःला वरचे गुण दिले.

ध्यानमग्न

ठोके ओळखणं हा ध्यानाचा हेतूच नाही. कुणीही साधक "माझे ठोके मोजा" म्हणून बसत नाही. त्यामुळे यातून ध्यानाबद्दल काय सिद्ध होतं ते मला कळलेलं नाही.

लबडब

ध्यानाबद्दल काहीच नाही, मान्य. "ध्यानाने ठोका अधिक अचूक कळतो" एवढ्या एका दाव्याबद्दल मात्र बरंच काही.

धडधडताई

उलट बाजूने विचारते. मला रात्री कुशीवर झोपलं की ठोके इतके जाणवतात की झोप लागत नाही. उशीत कान दाबला की तर घणच. काळजी असली की दिवसाही. म्हणजे या चाचणीत मी पहिली येईन का? आणि असं जाणवणं चांगलं की वाईट?

लबडब

ताई, आधी कामाचं: धडधड नवीन सुरू झाली असेल, ठोके अनियमित वाटत असतील, सोबत चक्कर, छातीत दुखणं, धाप किंवा शुद्ध हरपणं असेल तर हा धागा बंद करून आधी डॉक्टरांकडे जा. तसलं काही नसेल तर पुढे वाचा.

सारा गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, चाचणीत तुम्ही प्रत्यक्षात किती अचूक. दोन, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, म्हणजे "मला शरीरातलं सगळं कळतं" असं प्रश्नावलीत भरणं. तीन, या दोहोंचा मेळ: बरोबर असताना खात्री आणि चूक असताना शंका वाटते का. या तिन्ही एकमेकींच्या मागे जातीलच असं नाही. ज्याला ठोके सतत जाणवतात त्याला ते अचूक जाणवतात असं नाही.

चिंतेबद्दल तर बराच काळ असं धरून चालले होते की चिंताग्रस्त माणूस ठोके जास्त अचूक ओळखतो. अलीकडे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तसा संबंध सापडला नाही. तुमचं लक्ष हृदयाकडे जास्त जातं हे खरं असेल. लक्ष जाणं आणि अचूक कळणं या दोन वेगळ्या गोष्टी.

कुशीवरचं मात्र भ्रम नाही. डाव्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, आणि उशीवर दाबलेल्या कानात रक्तवाहिनीचा ठोका सरळ ऐकू येतो.

धडधडताई

हुश्श. तपासणी गेल्याच महिन्यात झाली, सगळं नीट आहे. धन्यवाद लबडबताई, डाव्या कुशीचं कुणीच सांगितलं नव्हतं.

निरभ्र

मला एक मूलभूत प्रश्न. जाणवतं ते नक्की काय? हृदयात वेदना कळते हे ठाऊक आहे, पण ठोका कळायला तिथे "स्पर्श" आहे का?

लबडब

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे लांबणार.

एक वाट आतली. महाधमनीच्या कमानीत आणि मानेतल्या कॅरोटिड धमनीत दाब ओळखणारी टोकं असतात. रक्ताचा लोट आला की भिंत ताणली जाते आणि ही टोकं मेंदूकडे खबर पाठवतात. दुसरी वाट बाहेरची आणि तशी साधीच: हृदय छातीच्या भिंतीवर आतून आपटतं, कातडी आणि बरगड्या हलतात, आणि ते आपल्याला कातडीवर स्पर्श कळावा तसं कळतं. सडपातळ माणसांना सरासरीने ठोका बरा कळतो, त्याचं एक कारण हेच मानतात.

दोन वाटा आहेत हे एका रुग्णामुळे फार सुंदर दिसलं. मेंदूत इन्सुला नावाचा भाग आहे. २००४ मध्ये ह्यूगो क्रिचली यांच्या गटाने दाखवलं होतं की ठोके ओळखताना उजव्या इन्सुलाचा पुढचा भाग कामाला लागतो, आणि ज्यांना ठोके चांगले कळतात त्यांच्यात जास्त. मग इन्सुला गेली तर ठोका कळणं बंद व्हायला हवं. खालसा यांच्या गटाने २००९ मध्ये दोन्ही बाजूंची इन्सुला निकामी झालेला एक रुग्ण तपासला. त्याला शिरेतून आयसोप्रोटेरेनॉल दिलं. हे औषध हृदय जोरात पळवतं. जाणवलं का? जाणवलं! धडधड वाढली, उतरली, त्याने बरोबर सांगितलं. मग संशोधकांनी छातीच्या ज्या जागी त्याला ठोका जाणवत होता तिथली कातडी बधिर करायचं मलम लावलं आणि पुन्हा तेच औषध दिलं. आता मात्र त्याला नीट सांगता येईना. ज्यांची इन्सुला शाबूत होती त्यांना मलम लावूनही कळत होतं. त्या रुग्णाची आतली वाट बंद होती, तो कातडीच्या वाटेवर निभावून नेत होता.

ठोके मोजायच्या चाचणीत यातली कुठली वाट वापरली हे कळतच नाही. अवांतर वाटेल, पण बोटाला लावायच्या चिमट्याने नाडी नोंदवत असाल तर चिमटा घट्ट असला की ठोका बोटातच जाणवतो. तेव्हा छातीचा पट्टा बरा, तोही सैलसर.

टिकटिक

वा! हे मलमाचं प्रकरण मला ठाऊक नव्हतं. आता उपायाकडे वळू. मोजणीला दुसरा पर्याय म्हणजे बीपशी ताडून बघायची चाचणी. तिच्यात अंदाजाला वाव कमी आहे. व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांची पद्धत १९७७ ची, म्हणजे शांड्रींच्याही आधीची. दरेक ठोक्यामागे एक खूण द्यायची, कधी ईसीजीच्या आलेखात त्या ठोक्याचं जे उंच शिखर दिसतं त्यानंतर १२८ मिलिसेकंदांनी, कधी ३८४ मिलिसेकंदांनी. माणसाने सांगायचं, खूण माझ्या ठोक्याबरोबर येत्येय की मागाहून. इथे आपली नाडी पाठ असून उपयोग नाही, सेकंद मोजूनही नाही.

खवचट

इथे नापास व्हायला मी तयार आहे. पण एक सांगा, "बरोबर" म्हणजे कधी? शिखर आलं, मग आकुंचन, मग रक्त निघणार, मग मानेत, मग बोटात. मला ठोका बोटात जाणवत असेल तर १२८ ला बरोबर म्हणू की ३८४ ला?

लबडब

खवचट, शिकवणी लावायला या, फी घेणार नाही.

नेमकी तीच त्रुटी आहे. शिखरापासून बोटापर्यंत लाट पोहोचायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. छातीत त्याआधी जाणवतं. ज्याला ठोका २५० च्या आसपास जाणवतो त्याला १२८ लवकर वाटणार आणि ३८४ उशिरा, दोन्ही सारखेच चुकीचे. त्याला ठोका उत्तम कळत असून तो नापास होणार.

म्हणून ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा पर्याय ठेवले: ०, १००, २००, ३००, ४०० आणि ५०० मिलिसेकंद. कुठला बीप ठोक्याशी जुळतो ते तुम्ही ठरवा. तुमची निवड पुन्हापुन्हा एकाच जागेभोवती पडली तर तुम्हाला ठोका कळतो, सगळीकडे सांडली तर नाही. ज्यांना कळतो त्यांची पसंती बहुधा २०० ते ३०० वर पडते. या कडक चाचणीत पास होणारे निम्म्याहून कमी असतात. विश्रांतीत बसलेल्या माणसाला ठोका न कळणं हेच जास्त सर्वसाधारण आहे.

निरभ्र

पण पास होणारे इतके कमी असतील तर बाकीच्यांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही ना. वर्गात निम्म्याहून जास्त मुलांना शून्य मिळालं तर त्या पेपरावरून त्यांच्यातला फरक कसा कळणार?

लबडब

बरोबर पकडलंत. शिवाय बीप ऐकायचा, ठोका जाणवून घ्यायचा, दोन्ही ताडायचे: एकाच वेळी बाहेर आणि आत लक्ष ठेवणं हे वेगळंच कसब आहे. ते जमलं नाही म्हणजे ठोका कळत नाही असं ठाम म्हणता येत नाही.

वाटसरू

मध्येच बोलतो. लंडनच्या वित्तबाजारातल्या ट्रेडर लोकांवर याच धर्तीचा अभ्यास झाला होता ना? ज्यांना ठोके चांगले कळतात ते जास्त कमावतात असं काहीतरी. "मनाचा कौल" वगैरे.

टिकटिक

हो, २०१६ चा. १८ पुरुष ट्रेडर होते. इतरांपेक्षा त्यांचे गुण जास्त आले, आणि त्यांच्यातही ज्यांचे गुण जास्त ते नफ्यात पुढे आणि धंद्यात जास्त वर्षं टिकलेले. बातम्यांत भरपूर गाजला. पण नफ्याशी जोडलेले ते गुण ठोके मोजण्याचेच होते. दिवसभर आकड्यांत बुडालेल्या माणसाचा अंदाज मुळातच चांगला असेल, तर तो इथेही वर येणार. आणि १८ माणसं म्हणजे फारच लहान गट. एवढ्यावर मी तरी एक शेअर घेणार नाही.

वाटसरू

हे विरजण टाकलंत, पण पटलं.

निरभ्र

समजुतीचा विषय निघालाच आहे तर व्हॅलिन्स यांचा १९६६ चा प्रयोग आठवला. कॉलेजातल्या मुलांना तरुणींचे फोटो दाखवले आणि "हे तुमचेच ठोके" म्हणून आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. ठरावीक फोटोंना आवाजाचा वेग मुद्दाम बदलला. मुलांना नेमके तेच फोटो जास्त आवडले. खऱ्या हृदयाचा त्यात काही संबंध नव्हता.

खवचट

म्हणजे प्रेमातही सेकंदच मोजत होते. हलके घ्या.

टिकटिक

लबडबताई, मग समजूतच मोजावी की सरळ. डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या गटाने २०२२ मध्ये तेच केलंय. आधी काही सेकंद आपल्या हृदयाकडे लक्ष द्यायचं, मग बीपची मालिका ऐकायची आणि सांगायचं, ही माझ्या हृदयापेक्षा जलद की सावकाश. उत्तरांप्रमाणे बीपचा वेग पुढे बदलत जातो. शेवटी दोन आकडे हाती येतात: तुमचा अंदाज कोणत्या बाजूला आणि किती झुकलेला, आणि तो किती पक्का. लोकांनी आपलं हृदय सरासरी मिनिटाला सुमारे ७ ठोक्यांनी सावकाश धरलं. हेच बाहेरच्या आवाजांच्या दोन मालिकांवरही करून बघतात, म्हणजे वेगच ओळखता न येणारा माणूस वेगळा काढता येतो.

मला ही आवडली, कारण समजूत आणि जाणीव मिसळलेली आहे हे ती लपवत नाही, समजुतीचा झुकाव वेगळा आकडा म्हणून देते.

लबडब

चांगली आहे, पण ठोका जाणवतो का याचं उत्तर तीही देत नाही. वेगाचा अंदाज आणि एकेका ठोक्याची जाणीव निराळी. माझं मत विचाराल तर एकाच चाचणीवर कुणालाही "शरीराशी जोडलेला" किंवा "तुटलेला" असा शिक्का मारू नये. आणि विश्रांतीतलं हृदय हा सगळ्यात अवघड पेपर आहे, कारण तेव्हा ठोक्याचा जोर सगळ्यात कमी असतो. जिने चढून आल्यावर कुणाला विचारावं लागत नाही. आयसोप्रोटेरेनॉलचे प्रयोग त्यामुळेच मला जास्त भरवशाचे वाटतात: संवेदना हळूहळू वाढवत न्यायची आणि ती कधी कळायला लागते ते बघायचं. अर्थात ते रुग्णालयात, ईसीजी लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी कुणी काही प्रयोग करू नये.

मोजणी करायचीच असेल तर तीन गोष्टी जोडा. "जाणवले तेवढेच सांगा, शून्य चालेल" ही सूचना. तेवढेच सेकंद घड्याळाशिवाय मोजून घेणं, म्हणजे खवचट यांची युक्ती पकडता येते. आणि "तुमची नाडी किती असेल असं वाटतं" हा प्रश्न.

सांजसावली

लबडबताईंच्या सूचनेने आज पुन्हा केलं. जाणवला तेवढाच ठोका धरला. खरे ३१, ४४, ५६. माझे ११, १८, १४. गुण ०.३४. नाडीचा अंदाज विचाराल तर ७५ सांगितला असता.

तिसऱ्या वेळी मधेच काही जाणवेना, आधी मी अशा वेळी लय धरून पुढे मोजत गेले असणार. जे जाणवले ते बहुतेक श्वास सोडल्यानंतर, गळ्याच्या खळगीत. छातीत एकही नाही.

लबडब

झकास. गळ्याच्या खळगीत हे लिहून ठेवा, जागा कुणी विचारत नाही. टिकटिक, तक्त्यात "कुठे जाणवला" असा एक रकाना वाढवा.

टिकटिक

वाढवला. तक्ता वरच्या लेखात जोडतोय: खरे ठोके, जाणवलेले ठोके, मोजलेले सेकंद, नाडीचा अंदाज, जागा. ज्यांच्याकडे पट्टा नाही त्यांनी शेजारी बसलेल्या माणसाला मनगटावर नाडी मोजायला सांगू नका, त्याच्या बोटाच्या दाबाने ठोका तिथेच जाणवायला लागतो.

खवचट

०, ०, ०. सेकंद २६, ३४, ४७. अंदाज ६८. जागा: लागू नाही.